पंखाखालचा झोका

माही पोट्टी बाहेर होती आन मी आत, आन विमान हालून राह्यलं होतं.

मले पयले वाटलं का मलेच चक्कर आली. सकाळपासून पोटात चहाबी नव्हता. मी गुडघ्यावर बसून खिडकीचा काच आतून पुसत होती, तं काचातून दिसनारा तंबू हळूहळू मांगं सरकाले लागला. तंबू कसा काय सरकन? मंग पायाखाली गडगड झाली आन मले समजलं, तंबू नाई, आपनच चाललो. आन त्याच काचातून, हातभर दूर, मले माहा झोका दिसत होता. पंखाच्या दांड्याले बांधलेला. लुगड्याच्या झोळीत माही अकरा महिन्याची पोरगी निजली होती, आन झोका वाऱ्याबिगर हालत होता, आन त्याची गाठ दांड्यावरून खाली, खाली, खाली सरकून राह्यली होती.

मी दोन्ही हातानं काच बडवला. बोंबलली. त्या विमानाच्या काचातून बाहेरचं कायी ऐकू येत नाई आन आतलं बाहेर जात नाई, तेच तं सांगत होते ते विमान विकनारे लोकं पाहुन्यायले दोन दिवसापासून, "आत बसलं का घरच्या खोलीवानी शांत." मी दाराकडं धावली. दार मांगच्या बाजूनं, त्याले खाली उतराच्या पायऱ्या. पायऱ्या वर घेतल्या नव्हत्या म्हून मी सुटली, चालत्या विमानातून उडी मारली, टोंगळे फुटले, तसीच उठली. तवापर्यंत गाठ पार खाली आली होती, झोका जमिनीले टेकला होता आन शिमिटावर घासत चालला होता, आन त्याच्या मांगं चाक होतं.

लोकं वरडले. विमान थांबलं. चाक आन लुगडं यायच्यात एक वीत जागा होती, मी पाह्यली ती. पन पोरगी झोळीतून बाहेर फेकल्या गेली होती, आन तिचं डोकं त्या चाकाच्या वरच्या लोखंडाले लागलं होतं. आवाज मी ऐकला. सुकलेलं बेलफळ खाली पडते ना, तसा.

आता मी पयल्यापासून सांगतो, नाईतर तुमी म्हनान का कोन बाई हे, जे लेकराले विमानाले टांगते.

आमी बल्लारपूरले राह्यतो, किरायाच्या खोलीत. घर आमचं गडचिरोलीकडं जंगलात, गोंडायचं गाव, तिथी सासू राह्यते. पोरीचा बाप ट्रकावर हमाली करते, बांबूच्या गाड्या भरते, कवा सिरोंच्याकडं तं कवा अजून कुठी. मी सातवी शिकली, मंग शाळा सुटली. मराठी वाचता येते, लिहिता बी येते, इंग्रजीतलं फक्त माहं नाव.

आमच्या चाळीत एक मावशी आहे. मावशी बौद्ध, आमी गोंड, पन नळ एकच, म्हून सगळं सुखदुःख नळावर. ते साफसफाईच्या ठेकेदाराकडं कामाले जाते. फागुन सरत आला होता, तवा ते म्हने, "पोरी, चार दिवसाचं काम आहे. विमानं पुसाचे."

मी म्हनलं, "मावशी, मस्करी नको करू."

"तुही सपत. चंद्रपूरच्या बाहेर पट्टी आहे ना विमान उतराची, तिथी मोठा बाजार लागून राह्यला विमानायचा. मोठे मोठे लोकं येऊन विमान घेतेत म्हने, जसे आपन बैल घेतो."

"दात पाह्यतेत का मंग?"

"दात नाई, सीटा पाह्यतेत. बसून पाह्यतेत, उठून पाह्यतेत, शेपटीले हात लावून पाह्यतेत. तुले का करा लागते? आपन पुसाचं."

आन खरंच तसंच होतं. मोठ्या पटांगनात सहा विमानं एका रांगेत उभे केले होते. सवारीचे मोठे विमान नाई हे, आपआपले ठेवाचे, खदानीवाल्यायचे, शिमिटवाल्यायचे. आठ नऊ लोकायचे. प्रत्येकाच्या सामोर लाल गालिचा, दोरी, फुलायचे गमले, आन एक एक पोरगी उभी, पावडर लावून, हातात चकचकीत पुस्तक. पाहुने आले का ते हसे आन "वेलकम सर" म्हने. पाहुने गेले का ते चपला काढून पाय दाबत बसे. मले तिची दया ये.

आमचं काम सकाळी सातपासून, पाहुने याच्या आधी. आत जाताना पायात निळ्या पिशव्या घालाच्या. पुसाचा कपडा वेगळा, मऊ, एक काचाले, एक कातड्याच्या सीटाले, एक बाहेरच्या रंगाले, तिन्ही रंगायचे, अदलाबदल झाली का मुकादम बोंबले. आन पयल्याच दिवशी त्यानं सांगतलं, "चुड्या, अंगठ्या, सगळं काढून ठेवा. रंगाले ओरखडा नाई पडला पाह्यजे."

सगळ्या बाया एकमेकीकडं पाहाले लागल्या. नवरा जित्ता असताना चुड्या कोन काढते? मावशीनं तिचं फडकं टरकन फाडलं, चिंध्या केल्या, आन आमच्या सगळ्यायच्या मनगटाले चुड्यायवरून गुंडाळून देल्ल्या. म्हने, "साहेब, आता ओरखडा पडला तं मले विचारजा." मुकादम हसला. आमी सगळ्या दिवसभर हात मोडल्यावानी दिसत होतो.

ज्या विमानाचं सांगून राह्यली ते सगळ्यात मोठं नव्हतं. एकच पंखा, नाकावर. पन पाय उंच, आन मोठे पंख वरच्या अंगानं, छपरावानी, आन पंखाले खालून तिरपा दांडा, टेकू देल्ल्यावानी. छोट्या पट्टीवर उतरते म्हून आपल्याकडच्या लोकायले हेच पसंत पडन, असं विकनारे बोलत. आत आठ सीटा, कातड्याच्या, लोन्यावानी. लाकडाचा टेबल, जो भिंतीतून बाहेर ये. एक फ्रिज, डब्याएवढा. आन मांगं पडद्याआड संडास.

पयल्या दिवशी मावशी त्या सीटावर जाऊन बसली, पायावर पाय टाकून, आन म्हने, "ओ पायलट, सावली गावावरून घेजा जरा. मोठ्या बहिनीच्या इथी वांग्याची भाजी आहे आज."

मी म्हनलं, "मावशी, उठ वं, कोनी पाहून घेईन."

"पाहू दे. मी म्हनन का घेऊन टाकतो, पन संडास लहान आहे, माही नाई मावत."

असं हासत हासत दोन दिवस गेले. त्या दोन दिवसात ते विमान जागचं हाललं नाई. तेच नाई, एकबी नाई. चाकायले लाकडाचे ठोकळे लावून होते. मी त्या दोरीजवळच्या पोरीले विचारलं बी होतं, "हे उडते कवा वं?" तं ते म्हने, "हे डिस्प्लेचं आहे, दाखवाचं. शो संपल्याशिवाय नाई हालत." मी ते डोक्यात घट्ट धरलं. दाखवाचं आहे. हालत नाई.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. पोट्टीले सांभाळे ते शेजारची बाई तापानं पडली. सासू गावाले, मोह वेचाचे दिवस, ते कशी येईन. पोरीचा बाप दोन दिवसापासून सिरोंच्याकडं. मी मावशीले म्हनलं का आज नाई येत. मावशी म्हने, "नाई आली तं तो मुकादम उद्या दुसरीले घेईन. घेऊन चाल लेकराले. दहा वाजेपर्यंत कोन पाह्यते तिथी?"

घेऊन गेली. आमच्याकडं त्यात नवल नाई कायी. मी स्वतः झोक्यातच वाढली. मोह वेचाले गेलं का लेकरू मोहाच्या फांदीले, तेंदूपत्ता तोडाले गेलं का कोन्या सावलीच्या झाडाले, धानाचा रोवना असला का बांधीवरच्या पळसाले. लुगडं टाकाचं, दोन गाठी मारायच्या, लेकरू आत. वाऱ्यानं झुलते, मुंग्या लागत नाई, आपलं काम होते. जमिनीवर कोनी नाई निजवत, साप इच्चू असतेत. कोनतीबी बाई असंच करन आमच्या गावची.

पन तिथी झाड नव्हतं. पट्टीभोवती झाड ठेवतच नाईत म्हने. पार नजर पोचे तिथपर्यंत शिमिट, आन सकाळचे आठ वाजले तं ते शिमिट तापाले लागलेलं. तंबूत पाहुन्यायच्या खुर्च्या लावत होते, तिथून मुकादमानं हाकललं. आत विमानात निजवाची तं हिंमतच नव्हती, त्या सीटावर तिनं मुतलं असतं तं माहं का झालं असतं. मंग मी पाह्यलं, पंखाखाली सावली. गार, लांब, जसी आमच्या घरामांगच्या मोहाची. आन तो तिरपा दांडा, फांदीवानी, हाताच्या अंतरावर.

मी दांड्याच्या वरच्या भागाले लुगडं बांधलं. ओढून पाह्यलं. स्वतः लोंबकळून पाह्यलं. पक्कं होतं. पोरगी दूध पिऊन निजली. चौकीदार जवळून गेला, त्यानं पाह्यलं, म्हने, "वा रे वा, फस्ट क्लास तिकीट," आन हासत गेला. मले वाटलं, झालं, आता कोनी कायी म्हनत नाई.

एक गोष्ट मले तवा सुचली नाई, ते मंग सुचली, रोज सुचते. त्या दांड्याले आदल्या दिवशी मीच मेनाची पॉलिश मारली होती. तोंड दिसे त्यात. विमान उभं होतं तवापर्यंत गाठ धरून होती. हिसका बसला आन सुटली.

आन विमान हाललं काऊन, तं एका मोठ्या गिऱ्हाइकाले नागपूरवरून आनाचं होतं. त्याले तेच विमान पाह्यजे होतं, त्यात बसूनच येतो म्हने. सकाळी फोन आला, ठोकळे तं त्यायनं मी झोका बांधाच्या आधीच काढले होते, मंग सामोरून ओढाची गाडी जोडली. गाडीवाला नाकासामोर होता, त्याले डाव्या पंखाखालचं दिसलंच नाई. त्याची चूक मी नाई म्हनत. तो मानूस नंतर तिथंच खाली बसला होता, डोकं धरून.

तं मी पोरीले उचललं. तिनं एक श्वास घेतला आन सोडेचना. निळी पडली. मावशीनं तिच्या तळपायाले चापट मारली, मंग ते रडली, जोरात रडली, आन मी बी रडली. डोक्याले कानाच्या वर टेंगूळ आलं होतं, रगत थोडंसं. मी तिथंच बसून तिले पाजाले घेतलं. ते पेली. पेली हो. चार पाच घोट पेली आन माह्याकडं पाह्यलं तिनं. मले वाटलं, वाचली.

तिथी ॲम्बुलन्स उभीच होती, बाजाराच्या सोयीसाठी. त्यातली नर्स आली, टॉर्च मारून डोळे पाह्यले, म्हने, "सध्या तं ठीक दिसते, पन चंद्रपूरले नेऊन दाखवू."

तेवढ्यात पायलट आला. त्या विमानाचाच. पांढरं शर्ट, खांद्यावर पट्ट्या, नागपूरचाच असन, बोलनं आपलंच. तो उकिडवा बसला, पोरीच्या डोक्यावरून बोट फिरवलं, नर्सले म्हने, "हे टेंगूळ कानाच्या वर आहे. हे मले बरोबर नाई वाटत." मंग मले म्हने, "ताई, ऐक. मले आता नागपूरलेच जाचं आहे. रिकामा चाललो. अर्ध्या तासात पोचतो. तिथी मोठा दवाखाना, डोक्याचे डॉक्टर, मी वरूनच सांगतो, गाडी तयार राह्यन. चाल, बस."

मी त्याच्या तोंडाकडं पाहातच राह्यली.

त्या विमान कंपनीचे म्यानेजर साहेब धावत आले. त्यायनं पायलटले बाजूले घेतलं. हिंदीत, इंग्रजीत, मले अर्धं समजलं. पाहुने गेटावर आले होते. पायलट म्हने, "सर, जाना तो है ही." साहेब म्हने, "कुछ हो गया ऊपर, तो?" मंग साहेबायनं एक कागद आनाले सांगतला. ते वाईट मानूस नव्हते. ते मले म्हने, "बाई, यावर सही करा. का तुमी तुमच्या मर्जीनं चालल्या, कायी झालं तं जबाबदारी तुमची."

कागद इंग्रजीत होता. मी त्यातलं एक अक्षर वाचू नाई शकली.

मी म्हनलं, "साहेब, पोरीच्या बापाले फोन लागू द्या."

लावला. बाई बोलली आतून, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. पुन्हा लावला. बाहेर आहे. सासूच्या गावात तं टावरच नाई.

"किती वेळ?" पायलट घड्याळ पाहात म्हने. "ताई, वेळ नाई आपल्याजवळ."

मी मावशीकडं पाह्यलं. "मावशी, का करू वं?"

मावशीचं तोंड पांढरं पडलं होतं. ते म्हने, "ज्यानं पाडलं, त्याच्याच पोटात घालून नेतं का तिले?"

आन त्या वक्ती त्या विमानाचा पंखा चालू झाला, दुसरा पायलट आत बसून कायी तपासत होता. असा आवाज, बापा, छातीत घुसे. पोरगी दचकली, माह्या मानेत नखं रुतवले तिनं, आन किंचाळाले लागली. गालिचा उडत होता, फुलायचे गमले पडले. मी आयुष्यात यष्टीच्या वर कायी चढली नव्हती. मी पायऱ्यापर्यंत गेली. एक पाय पायरीवर ठेवला बी. आत त्या सीटा दिसत होत्या, रिकाम्या, मीच पुसलेल्या. आन माहा पाय उचलेना. मले दिसत होतं का वर गेल्यावर हे पुन्हा हिसका देईन आन ह्या बारीले खाली शिमिट बी नसन.

मी म्हनलं, "मी ॲम्बुलन्सनं जातो."

पायलटनं माह्याकडं पाह्यलं, मंग पोरीकडं पाह्यलं, आन नर्सले म्हने, "झोपू देऊ नका हिले. उलटी झाली तं कुठीच थांबू नका." आन गेला.

ॲम्बुलन्स गेटाबाहेर पडली तवा मांगच्या काचातून मी ते विमान उडताना पाह्यलं. लहान होत गेलं. दोन पायलट सोडून त्यात कोनीच नव्हतं.

पोरीनं पयली उलटी शहराच्या आत शिरताना केली, रेल्वेचं फाटक बंद होतं तिथी. दुसरी दवाखान्यात. दवाखान्यात गर्दी, पाळीनं घेतलं, कोनी वाईट नाई वागलं, पन पाळी ते पाळी. डोक्याचा फोटो काढला. मंग एक डॉक्टर बाई धावत आल्या आन म्हने, नागपूर, आत्ताच्या आत्ता. डोक्यात, हाडाच्या आत, रगत जमा होऊन राह्यलं होतं.

मंग रस्ता. नागपूरचा रस्ता किती लांब आहे हे तुमाले गाडीत निजून गेल्यावर नाई समजत. लेकरू हातात घेऊन, त्याच्या पापन्या मोजत गेल्यावर समजते. वरोऱ्याजवळ ट्रक उलटला होता, तिथी अडकलो. मावशी खिडकीतून हात काढून वरडत होती, "सरका रे बापायहो, लेकरू आहे!" मी पोरीच्या कानात बोलत होती, सारखी बोलत होती, कायबी, कोंबडी, शेळी, आजी, मोह. तिचा उजवा हात माह्या अंगावरून घसरून खाली लोंबाले लागला. मी उचलून ठेवू, तो पुन्हा घसरे. मले वाटलं झोप येऊन राह्यली म्हून.

दिवेलागणीले पोचलो. लगेच ऑपरेशनले नेलं.

ते वाचली. पयले हेच सांगाले पाह्यजे होतं मी, ते वाचली. आता अडीच वर्षाची होईन. पन तिचं उजवं अंग चालत नाई. उजवी मूठ बंद राह्यते, मी रोज सकाळी मोहाच्या टोरीचं तेल लावून एक एक बोट उघडतो, आन सोडलं का ते पुन्हा मिटतेत. रांगते, पन खेकड्यावानी, एका बाजूनं. बोलत नाई अजून. हासते मात्र. तिच्या बरोबरीच्या पोट्ट्या नळावर येतेत, मायच्या पदराले धरून, हे दे ते दे करतेत, तं ते त्यायच्या तोंडाकडं पाह्यते, तोंड तसंच हालवते, आवाज नाई निंगत.

सुट्टी देताना मोठ्या डॉक्टरनं विचारलं, "पडली किती वाजता?" मी सांगतलं, नऊच्या आसपास. त्यानं कागदावर पाह्यलं, आमी पोचलो ते वेळ लिहिली होती तिथी. तो म्हने, "थोडं लवकर आनता आलं असतं तं..." आन चश्मा पुसत राह्यला. मी त्याले विमानाचं नाई सांगतलं. हिंमत नाई झाली.

पन दुसरा एक डॉक्टर होता, शिकाऊ, पट्टी बदलाले ये, त्याले मी हळूच विचारलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हने, "ताई, डोक्यात रगत असताना वर नेलं तं तिथी हवा पातळ असते, त्यानं बी बिघडू शकलं असतं. नसतं बी बिघडलं. हे कोनी नाई सांगू शकत." तो गेल्यावर मी ते वाक्य पाठ केलं. पन ते वाक्य घरी आनल्यावर कोनी ऐकाले तयार नाई.

सासू गावावरून आली. तिनं पोरीले मांडीवर घेतलं, तिची मूठ उघडून पाह्यली. मंग म्हने, "दारात विमान उभं होतं म्हने. राजाच्या पोरीले नाई भेटत, ते तुले फुकट बोलवत होतं. आन तू नाई बसली?"

मी म्हनलं, "सासूबाई, भेव लागला."

"भेव मले बी लागते. मायले भेव लागून कसं चालन?"

मावशी तिथंच होती. मले वाटलं ते बोलन, का तिनंच मले तसं म्हनलं होतं म्हून. तं मावशी पदरानं डोळे पुसत म्हने, "मी तं म्हनत होती बाई, बस म्हून. ऐकलं नाई पोरीनं." मी तिच्याकडं पाह्यलं. ते खोटं बोलत होती असं नाई. तिले खरंच तसंच आठवत असन आता. कितीदा तं तिनं मनातल्या मनात मले त्या पायऱ्या चढवल्या असतीन. मी तिले कायी नाई म्हनलं. ते माह्यासोबत नागपूरपर्यंत आली होती, आठ दिवस बिनपगारी फरशीवर निजली होती.

पोरीचा बाप कायीच म्हनत नाई. तेच जास्त लागते. तो आला तवा सगळं होऊन गेलं होतं. त्यानं एकदाच विचारलं, "कागदावर काय लिहिलं होतं?" मी म्हनलं, "मले वाचता नाई आलं." तो म्हने, "हं." आता ट्रकावरून आला का हात धुतो, पोरीले घेतो, खिडकीत उभा राह्यतो. माह्याशी बोलते तो, भाजीचं, पान्याचं. त्या दिवसाचं नाई बोलत. एखाद्या दिवशी तो वरडला असता, मले मारलं असतं, तं बरं वाटलं असतं असंबी मनात येते, हे लिहाले लाज वाटते पन येते.

कधी मी सगळं पुन्हा मांडून पाह्यतो. पोरगी दूध पेली होती. नर्स ठीक म्हने. ॲम्बुलन्स दहा पावलावर होती, तिचं दार उघडं होतं. आन ह्या बाजूले एक अनोळखी मानूस, ज्याचं नावबी मले माहीत नाई, एक कागद जो मले वाचता नाई ये, आन ते विमान, ज्यानं दहा मिनिटं आधी माह्या लेकराले फेकलं होतं. फोन लागत नव्हता. लेकरू किंचाळत होतं. मंग मी म्हनतो, बरोबर केलं मी, कोनीबी हेच केलं असतं. आन तेवढ्यात पोरगी डाव्या हातानं उजवा हात उचलून माह्या मांडीवर आनून ठेवते, जसं कोन्या दुसऱ्याचं सामान ठेवावं तसं, आन माहं सगळं बरोबर खोटं पडते.

मी कोनाले विचारू? चाळीतल्या बाया म्हनतेत, "आमी बसलो असतो." त्या चुलीजवळ बसून म्हनतेत. त्यायच्या कानात तो पंखा नाई वाजत. त्यायच्या मानेत लेकराचे नखं नाई रुतत.

म्हून तुमाले विचारतो. तुमी मले ओळखत नाई, माही कीव कराची गरज नाई, आन मले बरं वाटावं म्हून खोटं बी बोलू नका. तुमी त्या पायरीवर असत्या, एक पाय वर आन एक खाली, लेकरू असं छातीशी धरून, आन दोन मिनिटात सांगा लागलं असतं का इकडं का तिकडं, तं तुमी काय केलं असतं?